सुगंधाबाई आणि फेसाळलेलं यंत्र

विक्रोळीच्या त्या कारखान्यात सुगंधाबाई परबांनी बावीस वर्षं झाडू मारला, तोही कंत्राटावर. मग तिथे धुराड्यातला कार्बन पकडायला शिकवणारं केंद्र निघालं. आसपासच्या कारखान्यांत असली यंत्रं बसणार होती आणि ती चालवायला इथलीच माणसं तयार करायची होती. बारा जण हवे होते, अकराच मिळाले. "मी बसते की!" सुगंधाबाई म्हणाल्या. वय एकावन्न, शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला. पण पास झालं तर ऑपरेटरची कायमची नोकरी होती. त्या 'कायमची'त त्यांचा जीव अडकला होता.

शिकवायला गार्गी मॅडम होत्या. वय सव्वीस, सुगंधाबाईंच्या मुलीएवढ्या.

"बॉयलरचा धूर या टॉवरमध्ये खालून सोडायचा. वरून द्रावण पडतं, ते कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं. मग तापवलं की सोडून देतं. तो दाबून जमिनीखाली खोल साठवायचा. कळलं, ताई?"

"कळलं. आमच्या ह्यांच्यासारखंच. गुपित धरून ठेवतात, गरम चहा पोटात गेला की सोडतात."

वर्ग हसला. गार्गी मॅडमनी ते उदाहरण पुढे दुसऱ्या तुकडीलाही दिलं म्हणे.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळा कारखाना यंत्रं धूत होता. शिकवायच्या यंत्रातली द्रावणाची टाकी रिकामी होती, झाकण उघडं. पूजेला यंत्र पारोसं कसं ठेवायचं? सुगंधाबाईंनी धुण्याची पावडर टाकली, घासणी घेतली आणि कमरेपर्यंत आत वाकून टाकी लख्ख घासली. खंगाळायला लागल्या तोच नळाचं पाणी गेलं. मग ओल्या फडक्याने पुसली. दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ, हळदकुंकू, पेढा. यंत्र नवरीसारखं दिसत होतं.

दसरा सरला आणि परीक्षेच्या सकाळी, नवं द्रावण भरून यंत्र सुरू केल्यावर, टॉवरच्या काचेत पांढरा फेस सरसर वर चढला.

"मावशी, बीअर झाली यार!" वर्गातली सपना कुजबुजली.

गार्गी मॅडमनी तापमान बघितलं, गाळणी उघडली, तेल गळतंय का तपासलं. काहीच सापडेना. सुगंधाबाईंनी नाक पुढे केलं. द्रावणाला नेहमी सुक्या बोंबलासारखा वास यायचा. आज त्यात लिंबू होतं. त्यांच्याच पावडरीचं लिंबू.

कोपऱ्यात जाऊन त्यांनी नवऱ्याला फोन लावला.

"गप ऱ्हव गो," गुणाजी म्हणाले. "कोणाक काय कळाचा नाय."

परीक्षक आत आले. पहिलाच प्रश्न सगळ्यांना एकच, "फेस का येतो?" सपनाने घडाघडा म्हटलं, "गाळ, तेल, गंज..." परीक्षकांनी काचेकडे बोट दाखवलं. "मग हा का आला?"

गार्गी मॅडम ओठ चावत उभ्या होत्या. सकाळपासून पोरीने चहासुद्धा घेतला नव्हता. सुगंधाबाईंना राहवेना.

"सर, ती पुस्तकातली कारणं. हे त्यातलं नाही. हे मी केलं."

आणि सगळं सांगून टाकलं, माळ आणि पेढ्यासकट. गार्गी मॅडमनी कपाळाला हात लावला.

"आता उपाय?" परीक्षकांनी विचारलं.

"हे द्रावण गटारात नाही, वेगळ्या पिंपात. टाकी-टॉवर नुसत्या पाण्याने धुवायचे. शेवटचं पाणी बाटलीत घेऊन हलवायचं. फेस नाही आला तरच नवं भरायचं. आणि सर, नळाची वेळ बघून सुरुवात करायची."

परीक्षकांनी पेन उघडलं. "बिघाड ओळखला, कारण सांगितलं, उपायही सांगितला. पास. पण टॉवर तुम्हीच धुवायचा."

"तो काय, धुतेच!"

ही गेल्या वर्षीची गोष्ट. यंदा नवमीला ऑपरेटर सुगंधाबाईंनी माळ बाहेरूनच बांधली आणि टाकीच्या झाकणावर ठाण मांडून बसल्या. सपना बादली घेऊन आली.

"मावशी, आतून जरा..."

"हात तर लाव, मग बघ!"