विनोदीवर मारलेली काट

वडील ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. त्यांच्या निरोपसमारंभात शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली आणि त्यांना वाजतगाजत कोपरीला घरी सोडायला सजवलेली बस काही केल्या सुरू होईना. शेवटी गळ्यातला हार न काढताच वडील बसखाली शिरले. हा किस्सा ते आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात सांगायचे आणि माणसं दर वेळी पोट धरून हसायची.

त्यावर मी एकांकिका लिहिली. वडिलांना तेव्हा हृदयाचं दुखणं लागलं होतं. "एकदा थेटर हसलेलं ऐकायचंय रे," म्हणाले. मलाही तेवढंच हवं होतं.

ठाण्यातल्या एका स्पर्धेच्या अर्जात 'नाट्यप्रकार' असा रकाना होता. मी लिहिलं, विनोदी. अर्ज घेणाऱ्या गृहस्थांनी संहितेचं पहिलं पान वाचलं. कोपरीची चाळ, भिंतीवर बुद्धाची तसबीर, मेकॅनिकचं घर. मग त्यांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं, तेच जास्त लागलं. "अहो, हे सामाजिक आहे. विनोदीत तुमचा विषय वाया जाईल." असं म्हणून त्यांनी काट मारली.

मी भांडायचं सोडून वर 'थँक्यू सर' म्हणालो, त्याची अजून लाज वाटते. आता मी काहीही लिहिलं तरी त्या रकान्यात आधीच सामाजिक लिहून मोकळा होतो. कुणाला काट मारायचे कष्ट नकोत.

सामाजिक एकांकिका सकाळी दहाला होत्या. निवेदिकेनं 'कष्टकऱ्यांचं विदारक वास्तव' म्हणून आमची एकांकिका पुकारली. वडील नवा शर्ट घालून माझ्या शेजारी बसले होते. रंगमंचावरचा मेकॅनिक हारासकट बसखाली शिरला आणि मागे कुणीतरी चुकचुकलं. बाकी सगळे चिडीचूप. वडील एकटेच खदखदून हसले. पुढच्या बाई वळल्या. "काका, जरा गांभीर्य ठेवा ना."

त्यानंतर ते हसले नाहीत.

आम्हाला आशयासाठी प्रशस्तिपत्र मिळालं. परतताना रिक्षात वडील म्हणाले, "छान लिहिलंयस. मला माहीतच नव्हतं रे, माझं एवढं वाईट झालेलं."

पुढच्याच महिन्यात माझ्या आतेबहिणीचं लग्न होतं. पंगतीतून आरडाओरडा झाला, "मामा, तो बसचा किस्सा होऊन जाऊ दे!"

वडील पानाकडे बघत म्हणाले, "नको. जेवताना दुःखाचं कशाला?"