पूजेतला बिल्ला
झेंडूचा वास आला की मला चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीतला तो कारखाना आठवतो आणि आजही संताप अनावर होतो. माझा जावई तिथे बॉयलरचे सांधे गॅमा किरणांनी तपासत असे. खंडेनवमीच्या प्रसादाला मी गेलो होतो. पाटावर पक्कड, हातोडे, किरणांचे यंत्र आणि कामगाराच्या अंगावर किती किरण पडले हे नोंदवणारे छातीवरचे बिल्ले, अशा सर्वांना हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहिलेली होती. इतक्यात एक सांधा तातडीने तपासण्याचा निरोप आला. व्यवस्थापकाने यंत्र पाटावरून उचलायला लावले. बिल्ले मात्र तिथेच राहिले. "बिल्ल्याविना आत जाणे बेकायदेशीर आहे," मी बजावले. "काका, पूजेतलं उद्यापतोर हलवायचं नसतंय की," तो हसत म्हणाला. "मग यंत्र कसे हलवले?" "त्ये कामाचं हाय!" जावई माझ्यावरच चिडला, "मामा, गप बसा की, माजी नोकरी घालवताय व्हय?" नेमका त्याच दिवशी किरणांचा स्रोत यंत्रात परत न जाता बाहेरच्या नळीत अडकला आणि तो सोडवायला जावईच आत गेला. माझ्या तक्रारीला पुढे उत्तर आले की बिल्ल्याची नोंद शून्य आहे, सबब इजेचा प्रश्नच उद्भवत नाही. जिथे जिथे दाद मागितली, तिथे तोच शून्य माझ्यापुढे धरण्यात आला. आता त्याच्या बोटांची कातडी सोलून निघते. "हे तेव्हाचंच आहे का हो, बाबा?" मुलगी विचारते, आणि कायद्याची कलमे तोंडपाठ असलेल्या माझ्याकडे तिला दाखवण्याजोगा एकही पुरावा नाही.