दातात धरलेली सळई

माझ्या गाडीच्या इंजिनात खडखड सुरू झाली, त्याच दिवशी मला कळलं होतं की ती कुणाला दाखवायला हवी. तरी चार महिने मी त्या माणसाकडे गेलो नाही.

गाडी दोनच माणसांची, उघड्या टपाची, वयानं माझ्याहून मोठी. फर्दापूरकडच्या एका घरी ती मक्याच्या पोत्यांखाली धूळ खात उभी होती. तीन वर्षं प्रत्येक सुट्टी घालवून मी ती चालती केली. इंजिन थंड असताना ती छान चालायची. तापलं की डब्यात छर्रे हलवावेत तसा आवाज यायचा, चढावर तर जास्तच. खुलताबादच्या घाटातल्या जुन्या कमानीत शिरलं की तोच आवाज दगडांवर आपटून दुप्पट होऊन परत यायचा.

शहरातल्या दोन मेकॅनिकांनी एकच निदान केलं. "बेअरिंग वाजतंय साहेब, इंजिन उतरवा." या इंजिनाची बेअरिंग आता मिळत नाहीत. उतरवलेलं इंजिन पुन्हा बसेल याची कुणी हमी देईना. मी हट्टाला पेटलो. पंख्याचा पट्टा काढून पाहिला, आवाज तसाच. प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. बेअरिंग गेलेलं असतं तर एखादी वायर काढल्यावर आवाज बदलायला हवा होता, तो बदलला नाही. व्हॉल्व्हचे टॅपेट नव्याने सेट केले. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून ऐकलं, तर आवाज सगळीकडूनच येत होता. मग मात्र त्या माणसाकडे जाण्यावाचून मार्ग उरला नाही.

ते आमच्या वाळूजच्या कारखान्यात, पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या गोंगाटात, प्रेस शॉपमध्ये फिटर होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. कोणत्या प्रेसचा बोल्ट ढिला झालाय, हे ते दारातूनच सांगत. रविवारी घरासमोर लोकांच्या जुन्या गाड्या दुरुस्त करत. त्याच कारखान्यात कामगारांच्या सुरक्षिततेचं काम माझ्याकडे होतं. दरवर्षी कामगारांचे कान तपासले जात आणि अहवाल माझ्या टेबलावर येई. एका वर्षी मिस्त्रींच्या ऐकण्याचा आलेख खाली उतरलेला दिसला. त्यांना त्या गोंगाटातून तेव्हाच हलवायला हवं होतं. वरिष्ठ म्हणाले, "एवढी ऑर्डर जाऊ दे, मग बघू." मी अहवाल ड्रॉवरमध्ये टाकला. दुपारी जिन्यात मिस्त्री भेटले. "काय म्हणतोय आमचा कान?" मी म्हणालो, "ठीक आहे."

हे दोन शब्द मला कुणी शिकवले नव्हते. ते माझेच होते.

त्यानंतर दोन वर्षं ते तिथंच उभे राहिले. मग ऐकू येईना म्हणून नोकरी सोडून खुलताबादजवळच्या आपल्या गावी गेले. तरी इंजिन त्यांच्याइतकं ओळखणारा दुसरा कुणी मला माहीत नव्हता.

आधी खरं सांगायचं, मगच बॉनेट उघडायचं, असं ठरवून मी निघालो. घाटभर वाक्यं जुळवत होतो. मिस्त्री अंगणात सीताफळं निवडत बसले होते. ऐकण्याचं यंत्र कानात नव्हतं, शर्टच्या खिशात होतं. गाडी पाहताच ते उठले.

"साहेब! ही कुठून उचलून आणली?" बहिऱ्या माणसाचा तो मोठा आवाज गल्लीभर गेला.

"मला आधी तुमच्याशी…"

ते माझ्या ओठांकडे बघतच नव्हते. "बॉनेट उघडा," म्हणाले.

मी उघडलं. त्यांच्या पत्नी दारात आल्या. "या भाऊ. बघा ह्यांचं! कान गेले तरी नाद जाईना. ह्या गाड्यांनीच कान खाल्ले. सगळे पाने भंगारात घातले मी, तवा कुठं थांबले."

"काय म्हणती?" मिस्त्रींनी मला विचारलं. "शिव्याच देत असंल."

मी बॉनेटला धरून उभा राहिलो. आपल्या गप्प राहण्यानं कान गेले, एवढंच मला ठाऊक होतं. त्याचा दोष या घरात इंजिनांवर गेलाय, हे मला माहीत नव्हतं.

मिस्त्रींनी खुणेनं मला इंजिन सुरू करायला लावलं आणि कुंपणातली एक सळई ओढून पुसली. एक टोक दातात धरलं, दुसरं इंजिनावर टेकवलं आणि डोळे मिटले. हातानं मला खूण करत राहिले, अॅक्सिलरेटर वाढव, सोड, वाढव. सळई वरून खाली, डावीकडून उजवीकडे फिरली आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या बाजूच्या छोट्या पंपावर थांबली. त्यांनी पंपाला अंगठ्यानं दाबलं. खडखड निम्मी झाली.

"कानाला नाय, पण दातात बराबर येतं," ते म्हणाले.

माझ्याच पिशवीतल्या पान्यानं दोन बोल्ट काढून त्यांनी पंप हातात घेतला. त्याच्या दांड्याला धरून ठेवणारी छोटी स्प्रिंग तुटली होती. मोकळा दांडा आत आपटत होता.

"इंजिनाला काय बी झालं नाय. एवढीशी स्प्रिंग, लई बोंबलत व्हती." ते खळखळून हसले.

"झालं समाधान?" आतून वहिनींचा आवाज आला. "आता उरलंसुरलं बी घालवा!"

मी मिस्त्रींचा दंड धरला, खिशातल्या यंत्राकडे बोट दाखवलं. त्यांनी ते कानात घातल्यावर सगळं सांगितलं. अहवाल, ड्रॉवर, जिना. "तुमचे कान गाड्यांनी गेले नाहीत मिस्त्री. प्रेस शॉपमध्ये गेले. मला माहीत होतं."

त्यांनी तळहातावरचे स्प्रिंगचे दोन तुकडे एकमेकांना जुळवून पाहिले.

"जिन्यात इचारलं व्हतं मी."

"हो."

"तुम्ही म्हणला, ठीक हाय."

"हो."

"आठ वर्षं इंजिनाला हात लावला नाय, साहेब. मला बी वाटायचं, आपलाच नाद आपल्याला नडला."

मी माफी मागितली. पण त्यांनी माझ्या ओठांवरची नजर काढून घेतली होती. "मला नका सांगू. आत जा, तिला सांगा. असंच, जसंच्या तसं."

चपला काढून मी स्वयंपाकघरात गेलो. वहिनी भाकरी थापत होत्या. मी सांगत गेलो तसे त्यांचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपली, तरी त्यांनी उलटली नाही.

"म्हंजी इतकी वर्षं मी ह्या माणसाला…" त्यांनी करपलेली भाकरी खाली उतरवली. मग म्हणाल्या, "लेकरं हायती का तुम्हाला?"

"एक मुलगी आहे."

"मग तिला बी सांगा, तिच्या बापानं काय केलंय ते."

त्याच संध्याकाळी घरी जाऊन मी मुलीला सांगितलं. ते सांगणं इथल्यापेक्षा अवघड गेलं.

स्वयंपाकघरातून बाहेर आलो तेव्हा मिस्त्रींनी मोडक्या फवारणी पंपातली एक स्प्रिंग कापून बसवली होती. मी इंजिन सुरू केलं. त्यांनी पुन्हा सळई दातात धरली, बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. खडखड गेली होती.

मी पाने गोळा करायला वाकलो.

"ते ऱ्हाऊ द्या इथं."

"सगळे?"

"सगळे."

मी रिकामी पिशवी घेऊन गाडीत बसलो. ते माझ्याकडे बघत नव्हते. तेलकट हात पुसत ते पुन्हा सीताफळांपाशी बसले. गाडी वळवताना दिसलं, वहिनी अंगणात आल्या होत्या. त्यांनी एकेक पाना उचलला, पदरानं पुसला आणि मिस्त्रींच्या हाताशी ठेवला.