पाण्याला चार तास

आमच्या पोहण्याच्या तलावाचे पाणीवाले काका एका जागी स्वस्थ बसलेत, असं तिकीट खिडकीतून मी बावीस वर्षांत पाहिलेलं नाही. पाण्याचा पीएच सात पूर्णांक चार हवा. आम्लाकडे झुकलं की डोळे चुरचुरतात, उलट बाजूला झुकलं की पाणी गढुळतं.

त्या सकाळी पीएच तपासायच्या कागदी पट्टीने आठ दाखवला. काकांनी ॲसिड ओतलं आणि ते मिसळायच्या आत तिथेच पट्टी बुडवली. पाच. घाबरून सोडा टाकला. नऊ. पुन्हा ॲसिडचा कॅन उचलला. पोहणाऱ्यांना परत पाठवून मी वैतागले होते.

"काका, एका अंकाचा फरक म्हणजे दहा पट, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"मग हातावर हात धरून बसू?"

"बसा."

मी पंप चालू ठेवला, रसायनांच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. चार तास ते काठाने येरझाऱ्या घालत मला नाही नाही ते बोलत होते.

मग पट्टी बुडवली. सात पूर्णांक चार.

काकांनी ती उजेडात धरून उलटसुलट पाहिली.

"पट्ट्या खराब झाल्यात," ते म्हणाले. "नवी डबी काढ."