माय वर गेली, चपला खाली

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझी बाजू घेणार नाही. गेल्या उन्हाळ्यात आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून आम्ही त्यांना नागपूरकडच्या एका मोठ्या झुल्यांच्या बागेत नेलं होतं. तिथे रांगेत, सगळ्यांसमोर, मी मायला दिलेला शब्द मोडला. तिने त्याचा सूड घेतला. पुरता घेतला आणि धानाची कापणी आटोपता आटोपता ती गेली. बाबांचा फोन आला तेव्हा मी गोंदियात ऑफिसात होतो. "तुह्या मायले दवाखान्यात आणून राहिलो. गेटवर ये," एवढंच ते म्हणाले.

माय विसरणारी बाई नव्हती. गोंदियाकडच्या कामठ्याजवळ आमचं गाव. शेजारच्या शेतातल्या कौसल्याबाईने एका वर्षी आमची पाठ वळताच धुरा, म्हणजे मधला बांध, फोडून आमच्या धानाच्या बांधीतलं पाणी आपल्याकडे घेतलं. माय भांडली नाही. गोठ्यातल्या सगळ्यात आळशी म्हशीचं नाव तिने कौसल्या ठेवलं आणि सकाळ-संध्याकाळ, शेजारी नीट ऐकू जाईल अशा आवाजात, "कौसल्ये, अजून किती खाशील वो," म्हणून हाका मारू लागली. ती म्हैस विकली, तर तिच्या पारडीला तेच नाव मिळालं. शेवटी कौसल्याबाई स्वतः फावडं घेऊन आली आणि धुरा बांधून गेली. आम्ही पोरं पोट धरून हसायचो. त्या गोठ्यात कधी आपलीही जागा होईल, असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

पण तिचा सगळ्यात जुना हिशेब बाबांशी होता. लग्नानंतरची पहिली दिवाळी, गावची मंडई. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. लेकीजावई, सोयरे-पाहुणे यांना निरोप जातात, दुकानं लागतात, झुले येतात. त्या वर्षी गावात पहिल्यांदा मोठा आकाशझुला आला होता. नवी सून म्हणून माय नटूनथटून गेली, चपला काढून पाळण्यात बसलीसुद्धा. तेवढ्यात गर्दीत बाबांचे मोठे भाऊ दिसले. भासऱ्यासमोर घरची सून झुल्यात बसलेली... बाबा घाबरले. त्यांनी तिचा हात धरून तिला खाली ओढलं, तिच्या जागी आपल्या बहिणीला बसवलं आणि बहिणीच्या चपला मायच्या हातात दिल्या. झुला थांबेपर्यंत माय नणंदेच्या चपला धरून उभी राहिली. लोक हसले. ती त्यानंतर कधी झुल्याकडे गेली नाही. आधी सासरे-भासरे होते म्हणून, मग ती स्वतः सासू झाली म्हणून.

हे सगळं मला कळलं ते सहलीची आखणी करताना. माझ्या मनात तीर्थाला न्यायचं होतं. मी गाडी ठरवली होती, धर्मशाळेत बोलणं केलं होतं. माझी मुलगी पल्लवी आजीला फोनवर काहीबाही दाखवत बसली होती, त्यात नागपूरकडच्या त्या बागेतला आकाशझुला दिसला आणि मायने फर्मान काढलं, तिथेच जायचं. देव काय, इथे जवळ नागऱ्याच्या देवळातही आहे, म्हणाली. मी चिडलो, पण पुन्हा सगळं नव्याने ठरवलं. कोणत्या दारात पायऱ्या कमी, सावलीत बाकं कुठे, बिनतेलाचं जेवण मिळेल का, बाबांच्या गुडघ्यांसाठी चाकाची खुर्ची. माझ्या योजनेत ते दोघं बाकावर बसून नातवंडांकडे बघणार होते. फार तर छोट्या आगगाडीत एक फेरी आणि फोटो. माय माझं सगळं ऐकून घ्यायची आणि पल्लवीला एकच विचारायची, तिथे झुल्यात बसताना चपला काढाव्या लागतात ना?

मग एके दिवशी तिने मला अंगणात बोलावून सरळ सांगितलं. "तिथं आपल्याले ओळखणारं कोणी नाही. मी वर जाईन. तुहा बाप खाली माह्या चपला धरून उभा राहील. कोणी काही विचारलं त तू तोंड उघडू नोको. बस, एवढंच कर." मी हो म्हटलं. बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

तो दिवस कडक उन्हाचा होता. माझी सावलीची बाकं रिकामीच राहिली, कारण माय आत शिरताच तडक झुल्याकडे निघाली. रांगेत तीच पुढे. मी पाणी दिलं तर नको, टोपी दिली तर नको, आणि जरा थांब म्हटलं तर मागच्या अनोळखी बायकांना म्हणाली की, हा माझा पोरगा, ह्याला घरच्या पायरीवरही चक्कर येते. बायका हसल्या. आमचा नंबर आला. मायने चपला काढून बाबांच्या हातात दिल्या. बाबांनी त्या धरल्या, मान खाली घालून. झुल्यावरच्या माणसाने विचारलं, "माताजी को बीपी वगैरे तो नहीं?" ती नाही म्हणाली. आणि मी मागून म्हणालो, "बीपी है. गोली चालू है."

तो हात जोडून बाजूला झाला. माय पाळण्याचा दांडा सोडेना, तेव्हा मी तिचा हात धरून तिला रांगेबाहेर काढलं. तिच्या जागी त्याच हसणाऱ्या बायकांपैकी एक जाऊन बसली. बाबांनी वाकून चपला मायच्या पायांपाशी ठेवल्या आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "माह्यावरच गेला तू."

परतल्यावर चार दिवसांनी मी गावी गेलो, तर मायने पाट मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "बसा, साहेब." मला वाटलं, थट्टा आहे. पण ती तशीच बोलत राहिली. जन्मभर ज्या तोंडून 'अरे' आणि 'तू' ऐकलं, त्या तोंडून 'तुमी'. मला आधी वाढायची, आग्रह करायची, निघताना पाहुण्याला घालवावं तशी फाटकापर्यंत यायची. तब्येत विचारली की, "बेस आहे, साहेब." मी माफीचा विषय काढायला लागलो की, "चहा घ्या, साहेब, थंडा होऊन राहिला." शेजारीपाजारी हसायचे. तिला हवं होतं ते.

दिवाळीनंतर मंडईचे निरोप गेले. बहिणीला गेला, मावसभावांना गेला, केशोरीच्या दूरच्या सोयऱ्यांनाही गेला. मला नाही. सुनीता, माझी बायको, म्हणाली, आपलंच घर आहे, निरोप कशाला लागतो, चला. पण मलाही आता सूड हवा होता. बोलावलं नाही ना, मग नाही जात. मी गोंदियातच बसून राहिलो.

मग बाबांचा तो फोन आला. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, छातीत दुखणं कधीपासून? मी बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, दिवाळीच्या आधीपासून. मला धक्का बसला. काऊन नाही सांगितलं, मी ओरडलोच.

"तिनं शपथ घातली होती," बाबा म्हणाले. "म्हणे, त्याले सांगू नोका. तो मले पुन्हा लाइनीतून काढील."

कोणती लाइन, ते मला तिथल्या बाकावर कळलं. मंडईच्या दिवशी माय भर दुपारी, सगळ्या गावासमोर, सगळ्या सोयऱ्यांसमोर आकाशझुल्यात जाऊन बसली होती. एकटी. झुला थांबला तर उतरेचना, पुन्हा फिरव म्हणाली. आणि बाबा खाली उभे होते, दोन्ही हातांत चपला धरून. मी विचारलं, तुम्हाला लाज नाही वाटली? "वाटली ना," ते म्हणाले. "त्याच्याचसाठी त गेल्ती थे वर."

म्हणजे तिचा बाबांशी हिशेब चुकता झाला होता. माझा उरला होता. मी गेलो असतो तर तिचा चेहरा पाहिला असता, तिचा घाम दिसला असता, तिला कदाचित वेळेत इथे आणलं असतं... किंवा तिला पुन्हा हात धरून खाली काढलं असतं. हेही तितकंच खरं.

तिच्या त्या चपला आता माझ्याकडे आहेत. करड्या रंगाच्या, एका अंगठ्याशी दोऱ्याने शिवलेल्या. तेरवीनंतर बाबा म्हणाले, ह्या तू ने. मी त्या दारातल्या चपलांमध्ये ठेवत नाही, कारण तिथे त्यांत कुणीही पाय घालेल. त्या आतल्या खोलीत खिडकीत असतात. ऑफिसला निघताना मी त्या एकदा उचलतो, हातात धरून थोडा उभा राहतो आणि ठेवून जातो.

दवाखान्यातही त्या माझ्याच हातात होत्या. आत नेण्याआधी नर्सने काढून माझ्याकडे दिल्या होत्या. भेटायला सोडलं तेव्हा मी तसाच आत गेलो. नर्स म्हणाली, "चप्पल बाहर रखिए," तरी ठेवल्या नाहीत. मायने आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हणालो, माय, मला तुझ्या बीपीची काळजी वाटली म्हणून मी तसं बोललो होतो. तिने डोळे मिटून घेतले. खोटं तिला लहानपणापासून माझ्या आवाजावरून कळायचं. मी उभाच राहिलो. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले.

"खरं सांग," ती म्हणाली. किती महिन्यांनी त्या तोंडून 'सांगा' नाही, 'सांग' आलं होतं. "काऊन बोलला होता?"

"राग आला होता, माय," मी म्हणालो. "तू माहं तीर्थ मोडलं, त्या बायकांसमोर माही थट्टा केली, म्हणून तुले उतरवलं. काळजी नव्हती. चुकलो मी."