मिलुंकाचा मुरंबा

उझित्से शहराच्या वरच्या डोंगरात मिलुंकाच्या दारातून कुणी कोरड्या तोंडाने परत गेलं, असं कधी झालं नाही. पाहुणा उंबरठा ओलांडतोय तोवर तबक पुढे: रानस्ट्रॉबेरीचा मुरंबा, चमचे आणि पाण्याचा पेला. मधुमेहवाला पोस्टमन हात आडवा धरायचा. "डॉक्टरने बंदी घातलीय, मिलुंकाताई."

"मग त्यालाही घेऊन ये, त्यालाही देते," म्हणत ती चमचा त्याच्या मिशीखाली धरून उभी राहायची. बिचारा तोंड उघडायचा.

तिची आई बावन्नाव्या वर्षी गेली, दिवस भरल्यासारखं पोट घेऊन. दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी, द्राक्षांच्या घोसासारख्या. भाऊही त्यातच गेला. मिलुंका आता एक्कावन्नची, आणि तो घोस तिच्याही पोटात.

यंदा तिसऱ्यांदा आलेला ताप उतरेचना. कुठल्यातरी गाठीत पू झालाय, एवढं रक्ताच्या तपासणीवरून कळलं. कुठल्या, ते कळेना. सोनोग्राफीवाला पोरगेला डॉक्टर नाकात बोलायचा, "काकू, शंभर गाठी आहेत. सगळ्या सारख्याच काळ्या. मी काय प्रत्येकीला विचारत बसू?" सीटीतही तेच. औषधं अंदाजाने चालली होती, तीही आता लागू पडेनात. पू रक्तात उतरला तर खेळ संपला.

उरला पेट स्कॅन, तो बेलग्रेडला. शिरेतून किरणं सोडणारी साखर घालतात. पू झालेली गाठ ती ओढून घेते आणि चित्रात उजळते. मग सुईने तेवढीच रिकामी करायची. महिनाभर वाट पाहून तारीख मिळाली. अट एकच: रात्रीपासून पाण्याशिवाय काही नाही, गोड तर मुळीच नाही, नाहीतर ती साखर स्नायूच पळवतात.

आदल्या संध्याकाळी ती बेलग्रेडला थोरल्या जावेकडे उतरली. दोब्रिला प्रत्येक वाक्याला "हो की नाही?" जोडायची आणि उत्तराला जागा ठेवायची नाही. सकाळी तबक आलं. वाटीत मिलुंकानेच पाठवलेला मुरंबा.

"नको जाऊबाई, आज उपाशी जायचंय."

"अगं, जेव कुठे म्हणतेय? चमचाभर. माझ्या घरातून कोरड्या तोंडाने दवाखान्यात जाणार, शोभतं का, हो की नाही? तू येशील म्हणून दोन वर्षं बरणी झाकून ठेवलीय. तुझाच मुरंबा, आणि तूच नको म्हणतेस? मी काय विष कालवलंय त्यात?"

तीस वर्षं मिलुंका लोकांना हेच ऐकवत आली होती. यावर उत्तर नसतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिने तोंड उघडलं. दोब्रिलाने लगेच दुसरा चमचा भरला.

दवाखान्यात नर्सने बसथांबे पुकारावेत तसं विचारलं, "खाल्लं? प्यायलं? गोळी? च्युइंगगम?"

खरं सांगितलं तर परत पाठवतील. "नाही," मिलुंका म्हणाली.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी तिला पडद्यापुढे बसवलं. दंड, मांड्या, खांदे, सगळं उजळलेलं. पोटात मात्र धूसर राखाडी.

"बाई, काय खाल्लंत?"

"चमचाभर मुरंबा." मग खाली बघत, "दोन."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आता यात गाठ कुठली म्हणून सांगू? सुई कुठे घालायला सांगू?" एवढंच बोलल्या. पुढची तारीख पाच आठवड्यांनी होती.

परतीच्या बसमध्ये मुलीचा फोन आला. "सापडली का गं आई?"

"नाही."

"म्हणजे? यंत्रालाही नाही सापडली?"

"नाही गं. आणि हे बघ, काकूकडे या स्कॅनचा विषय काढू नकोस."

"का?"

"बिचारीने दोन वर्षं बरणी झाकून ठेवली होती."

मुलीला काही कळलं नाही. फोन ठेवेपर्यंत तापाची थंडी भरलीच. मिलुंकाने कोटाची कॉलर ओढली, हात काखेत दाबले, पण दात वाजायचे थांबेनात. शेजारच्या म्हातारीने पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला.

"घ्या हो. दोन खाल्लीत की हुशारी येईल. प्रवासात पोट रिकामं ठेवू नये."

आता खाल्लं तरी चालणार होतं. मिलुंकाने दोन घेतली.