आत्याबाईंची चौकशी

माणसाची खुशाली कमरेच्या खालून विचारायची असते, अशी ठाम समजूत असलेली बाई अख्ख्या कळंबोलीत एकच होती, आणि देवाने ती नेमकी आमच्या घरात पाठवली होती.

या माझ्या नवऱ्याच्या आत्या. साताऱ्याकडच्या दवाखान्यात जन्मभर नर्स होत्या, नव्वद सालाच्या सुमाराला रिटायर होऊन आमच्या दोन खोल्यांत आल्या. दवाखाना सुटला, तपासणी काही सुटली नाही. वयाप्रमाणे प्रश्न ठरलेला. बारशाला गेल्या की बाळाचं नाव नंतर, आधी लंगोट सोडून शीचा रंग. वयात आलेली पोर जिन्यात दिसली की पाळी वेळेवर येते का. नव्या सुनेला अंगावरून पांढरं जातं का, तिच्या सासूला खोकताना लघवी सुटते का, आणि तेही दोघी शेजारी शेजारी उभ्या असताना. माझा नवरा सकाळी संडासातून बाहेर यायला घाबरायचा, कारण दारातच आत्याबाई उभ्या, कुंथावं लागलं का म्हणून. शेजारीण म्हणायची, तुमच्याकडे वाटीभर साखर मागायची तरी पोट साफ करून यावं लागतं. कपाळ माझं!

माझ्या नणंदेला बघायला पाहुणे आले तेव्हा मात्र मी आत्याबाईंपुढे हात जोडले. आधीची स्थळं हातची गेली होती, सासूबाईंची झोप उडाली होती. आज कुणाच्या पोटात शिरायचं नाही, असं बजावलं. त्या बरं म्हणाल्या. मुलगा चांगला होता, नणंदेलाही आवडला होता. पण मुलाचे वडील, लोखंड बाजारातले मुकादम, धिप्पाड माणूस, चहाला हात लावेनात. पाणीसुद्धा नको म्हणाले. आमच्यात मुलीच्या हातचा चहा नाकारला की पुढचं विचारायचं नसतं. सासूबाईंचा चेहरा उतरला, नणंदेने ट्रे टेबलावर ठेवून दिला.

तेवढ्यात आत्याबाई बोलल्या, "पाव्हणं, लघवीला अडतंय का?"

झालं! मुकादम ताडकन उठले आणि जिना उतरून गेले, मागोमाग मुलगाही. मी आत्याबाईंना नाही नाही ते बोलले. म्हातारी ढिम्म. माणूस आल्यापासनं मांडी बदलतुय, म्हणाल्या, परक्या घरात संडास कुठाय ते विचारायची लाज वाटती, म्हणून घोटभर पाणी घेईना.

जरा वेळाने मुलगा वर आला. अण्णा नर्सबाईंना खाली बोलावतायत, म्हणाला. आम्ही गॅलरीतून बघत होतो. उभ्या ट्रकच्या आडोशाला एवढा दांडगा माणूस मान खाली घालून बोलत होता आणि आत्याबाई नुसत्या ऐकत होत्या. मग दोघं वर आले. मुकादम सरळ आमच्या संडासात गेले. बराच वेळ लागला. दाराकडं बघू नका, असा आत्याबाईंनी सगळ्यांना दम भरला.

बाहेर येऊन मुकादम खुर्चीत बसले आणि नणंदेला म्हणाले, "पोरी, च्या गरम करून आण."

सासूबाईंना रडूच फुटलं.

मुकादमांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन लग्नाआधीच झालं. लग्नात अक्षता पडेपर्यंत ते जागचे हलले नाहीत, आणि मध्येच आत्याबाईंकडे बघून मिशीत हसले.

आत्याबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. परवा पोट दुखतं म्हणून मी पडून होते. नवऱ्याने गोळी दिली, नणंदेचा फोन आला. काय खाल्लं होतंस, सगळ्यांनी विचारलं. पुढचं कुणी विचारलं नाही. त्या प्रश्नांवर मी केवढी चिडायचे! सकाळी संडासातून बाहेर आले, तर दारात कुणी नव्हतं. उगाचच जरा वेळ थांबले तिथे.